अठ्ठ्याण्णव आणि शंभर

माझ्या गाडीच्या चाकाला चार भोकं आहेत. गाडी बारा वर्षांची झाली, पण ही भोकं मी कधी मोजली नव्हती. पंक्चर झालं की चार बोल्ट काढायचे, स्टेपनी लावायची, चार बोल्ट आवळायचे. भोकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे विचारायची वेळ मुलानं आणली.

मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे. मी हिंगोलीला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देतो. या नोकरीला एकोणतीस वर्षं झाली. मोजणीच्या दिवशी दोन्ही शेजारी बांधावर उभे असतात आणि दोघांच्याही घरून चहा येतो. मोजणी संपून खुणा रोवल्या की एकाच घरचा चहा येतो, आणि तो प्यायचा नसतो. दुसऱ्या घरचे लोक पुढं बाजारात भेटले तरी मान फिरवतात. मला याचं वाईट वाटायचं बंद झालं आहे. माप जे येतं ते सांगायचं, एवढंच माझं काम. घरीही मी तसाच वागलो. मुलाचं दहावीचं गणित, बारावीचं गणित, गॅसची नोंदणी, किराण्याची यादी, जे चुकलं ते मी चुकलं म्हणून सांगितलं. त्याची आई म्हणायची, "तुमचं बराबर असतं, तेच तर तकलीफ हाये." मला ते कौतुक वाटायचं.

ती जाऊन दोन वर्षं झाली. ती होती तेव्हा मुलाचा फोन तिला यायचा. स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून, स्पीकर लावून ती पोळ्या लाटता लाटता बोलायची. शेवटी "घे, बाबाला बोल" म्हणून माझ्याकडं द्यायची. मी पाऊस आहे का विचारायचो, गाडीचा विमा भरला का विचारायचो. आता तो थेट मलाच फोन करतो, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास. बोलणं किती वेळ चाललं ते फोन स्वतःच दाखवतो, मला मोजावं लागत नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तीन मिनिटं पाच. एकदा सहा मिनिटं झाली होती, पण त्यातली अडीच मिनिटं त्याच्या दारात पाण्याचा टँकर आला म्हणून तो गेला होता आणि मी फोन धरून बसलो होतो.

तिच्या वर्षश्राद्धाला तो आला तेव्हा त्यानं गाडीची चाकं पाहिली. लोखंडी रिम, कडेनं गंजलेल्या, वरच्या प्लास्टिकच्या टोप्या कधीच उडून गेलेल्या. तेव्हा तो काही बोलला नाही. या मे महिन्यात एका रविवारी मात्र त्यानं विचारलं की चाकाला किती बोल्ट आहेत आणि समोरासमोरच्या दोन बोल्टमध्ये किती अंतर आहे. कशाला, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ऊन उतरल्यावर टेप घेऊन बाहेर गेलो, माप घेतलं, मेसेज करून कळवलं आणि विसरलो.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, तोही शुक्रवारी. ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकलं आहे, उद्या सकाळी उतरवून घ्या म्हणाला. चार खोकी होती. ऑटोवाल्यानं आणि मी मिळून दोन फेऱ्यांत ती घरी आणली. उघडली तर अलॉय रिम, राखाडी रंगाच्या, दहा काड्यांच्या, एकदम कोऱ्या. त्याला कंपनीत बढती मिळाली होती, त्यातून घेतल्या म्हणाला. मी छान आहेत म्हणालो. त्या दिवशीचं बोलणं अकरा मिनिटांचं झालं. टायर कोणते घालायचे, जुने चालतील का, हवा किती ठेवायची. त्याच्या आवाजात असा उत्साह मी तिच्याशी बोलताना ऐकला होता, माझ्याशी बोलताना नाही. फोन ठेवल्यावर मी एक रिम खोक्यातून काढून दिवाणाला टेकवून ठेवली आणि समोर बसून जेवलो.

सोमवारी रजा टाकून नांदेड रोडवरच्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा आहे. त्यानं पुढचं डावं चाक काढलं आणि नवी रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तबकडीला, लावून पाहिली. माझ्या गाडीला बाहेर आलेले स्टड आणि त्यांवर नट असं नसतं. बोल्ट रिममधून सरळ हबमध्ये जातात. चारही बोल्ट सैल होते तोवर आत गेले. त्यानं एक पूर्ण आवळला, आणि समोरचा तिरपा झाला. तो पाना लावून जोर देऊ लागला तसं मी थांब म्हणालो.

"बसतंय की साहेब," तो म्हणाला. "मशीननं आवळलं की कुठं जातंय."

मी म्हणालो, आधी मोजू. शेजारच्या लेथवाल्याकडं बारीक मापाचा व्हर्नियर होता, तो आणला. समोरासमोरच्या भोकांचे मध्य नजरेनं सापडत नाहीत, म्हणून एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं. भोकं सारखी असली की ते अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच येतं. भोकांच्या मध्यांतून जाणारं जे वर्तुळ, त्याचा हा व्यास. दुकानदार त्याला पीसीडी म्हणतात. नव्या रिमचा शंभर मिलिमीटर आला. हबचा अठ्ठ्याण्णव.

"दोन एमएम," दुकानदार म्हणाला. "तुमी एकर मोजणारे. दोन एमएमला काय घेऊन बसले?"

लेथवालाही हसला. मी त्यांना बोल्ट दाखवला. बोल्टच्या डोक्याखाली निमुळता उतार असतो आणि रिमच्या भोकातही तसाच निमुळता खड्डा. एकात एक बसलं तरच सगळीकडून पकड येते. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर. बोल्ट एकाच बाजूनं टेकणार. आज मशीननं आवळला तर आवळला जाईल, पण रिम मध्यावर फिरणार नाही, स्टिअरिंग थरथरेल, आणि महिना-दोन महिन्यांत बोल्ट आपोआप ढिले व्हायला लागतील. दुकानदारानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बसवून देतो, पण पुढची जबाबदारी माझी नाही. मी म्हणालो, ज्याची जबाबदारी कोणी घेत नाही ते बसवायचं नाही. त्यानं जुनं चाक परत लावलं.

रिम पुन्हा खोक्यांत भरून घरी आणल्या. त्याच दुपारी मुलाला फोन केला. तो कामात होता, तरी उचलला. मी काय म्हणालो ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण तसली वाक्यं मी आयुष्यभर म्हणत आलो आहे. मी म्हणालो, "माप मी तुला लिहून कळवलं होतं. तू ते नीट वाचलं न्हाईस. दोन मिलिमीटरनं चाक निघून जातं. मोजल्याशिवाय वस्तू घ्यायची नसते."

तो म्हणाला, "बरं बाबा." मग म्हणाला, "टायर चढवले नसतील तर दुकानवाला परत घेईल. पाठवून द्या."

एक मिनिट दहा सेकंद.

रिम मी दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सनं परत पाठवल्या. पोहोचल्या, असा त्याचा मेसेज आला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. मला वाटलं बाहेर गेला असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही.

रविवार हा लांब दिवस असतो हे मला ठाऊक होतं, पण तो किती लांब असतो ते त्या दोन रविवारी कळलं. सकाळी नळाचं पाणी भरून झालं. पाऊण वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ, एवढी खिचडी दोन्ही वेळेला पुरते. ती लावून झाली. पेपर वाचून झाला, छोट्या जाहिराती धरून. दहा वाजता मी फोन चार्जिंगवरून काढून टेबलावर ठेवला. साडेदहाला तो बंद तर पडला नाही ना, म्हणून कार्यालयातल्या शिपायाला उगाच फोन लावून पाहिला. लागला. उद्याच्या मोजणीची नोटीस पोचली का असं काहीतरी विचारलं. तो म्हणाला, पोचली साहेब, आज रविवार आहे. दुपारी गाडी काढून औंढ्यापर्यंत गेलो. देवळात गर्दी होती. बायका-लेकरांच्या रांगेत एकट्या माणसाला लोक पुढं सरकू देतात, त्यामुळं दर्शन लवकर झालं. मला घाई नव्हती. परत आलो तरी चारच वाजले होते.

मी स्वतः फोन करू शकत होतो. केला नाही. माझं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसानं फोन का करावा, असं मला वाटत होतं. शिवाय बोलायचं काय, हाही प्रश्न होताच. ती असती तर तिनं कणीक मळता मळता विषय काढला असता, त्याची पोळीभाजी कुठून येते, खोलीत डास आहेत का, आणि चाकाचं प्रकरण त्यात विरून गेलं असतं. मला विरघळवता येत नाही. मी मांडून ठेवतो.

त्या आठवड्यात डोंगरकड्याला मोजणी होती. केळीच्या दोन बागा, मधे बांध, आणि बांधावरच्या एका जुन्या दगडाबद्दल वाद. आता मोठं माप आम्ही यंत्रानं घेतो, पण झाडोऱ्यात यंत्राला दिसत नाही, तिथं टेपच लावावा लागतो. माझ्याबरोबर टेप धरायला जो माणूस असतो तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे. आम्ही दोघांनी मिळून निम्मा जिल्हा मोजला असेल. तो दगडापाशी उकिडवा बसून टेप वाचत होता आणि मी वहीत लिहीत होतो.

"चार मीटर सदुसष्ट," तो म्हणाला. मग टेपवर वाकून बघून म्हणाला, "वर आठ एमएम हाये साहेब. अडुसष्ट धरू का?"

"अडुसष्ट," मी म्हणालो आणि लिहिलं. ४.६८.

यात काही चूक नाही. जमिनीचं माप आम्ही मीटरमध्ये, दशांशापुढं दोन आकड्यांपर्यंत लिहितो. सेंटिमीटरच्या खालचं जवळच्या आकड्यात मिळवायचं. शेताच्या बांधाला त्यानं काही होत नाही, बांधच मुळी दीड फूट रुंद असतो. एकोणतीस वर्षं माझा हात असंच लिहितो. वाकून वाचणाऱ्याला मिलिमीटर दिसतात, लिहिणाऱ्याच्या वहीत ते येत नाहीत.

वही मिटताना माझा हात थांबला. केळीची पानं अंगाला लागत होती, दोन्ही शेजारी आपापल्या बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मला मे महिन्यातली संध्याकाळ आठवत होती. मी गाडीच्या मागच्या चाकापाशी बसलो होतो. एका बोल्टच्या मध्यावर टेपची सुरुवात, समोरच्या बोल्टच्या मध्यावर शेवट. टेपवर दहाचा आकडा होता आणि बोल्टचा मध्य त्याच्या दोन बारीक रेघा अलीकडं होता. त्या दोन रेघा मला दिसल्या होत्या. दिसल्या होत्या, आणि मी त्या मिळवून टाकल्या होत्या.

घरी आल्यावर बूटही न काढता फोनमधला मेसेज शोधला. फार वर जावं लागलं नाही, आमच्या दोघांत मेसेज थोडेच असतात. मी लिहिलं होतं, "चाकाची भोके ४. समोरासमोरील अंतर ०.१० मी."

०.१० मीटर म्हणजे शंभर मिलिमीटर. तो आकडा घेऊन तो दुकानात गेला. शंभर हे बाजारात सगळ्यात जास्त चालणारं माप, त्यामुळं दुकानदारालाही शंका आली नसेल. अठ्ठ्याण्णव फार थोड्या गाड्यांना असतं. मुलानं माप नीट वाचलं होतं. जसं लिहिलं होतं तसंच वाचलं होतं.

मी लगेच फोन केला नाही, हेही लिहायला हवं. सोमवार गेला, मंगळवार गेला. दोन दिवस मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. त्यानं फक्त माप विचारलं होतं, नवं चाक घ्यायचं आहे हे सांगितलं नव्हतं. मीटरमध्ये लिहायची आमची पद्धत आहे. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारायला हवं होतं. लोक माझ्यासमोर बांधावर उभे राहून असंच बोलतात, दगड कोणी हलवला, नकाशा कोणी काढला. मी त्यांना म्हणत असतो की माप काय आलं तेवढं बोला.

बुधवारी संध्याकाळी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"बाबा? काय झालं? बरं हाये ना तुमाला?"

बुधवारी माझा फोन म्हणजे काहीतरी वाईटच, असं त्याला वाटलं. त्याची आई गेली तेव्हाही मी असाच मधल्या वारी फोन केला होता.

मी बरा आहे म्हणालो. मग एका दमात सांगितलं, "चाकाचं माप मीच चुकीचं कळवलं होतं. अठ्ठ्याण्णवचं शंभर लिहिलं. तुझी चूक नव्हती."

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. तो रस्त्यात होता.

"मला माहीत हाये," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमी रागावले त्याच दिवशी. फोन ठेवला आणि मेसेज काढून बघितला."

"मग बोलला काहून न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं बाबा? तुमी म्हणले असते, काय पाहिजे ते नीट विचारायचं होतं."

म्हणालो असतो. दोन दिवस मी मनात नेमकं तेच म्हणत होतो. त्याचं गणित मी तपासून पाहिलं, बरोबर निघालं.

लहानपणापासून तो किती वेळा असा गप्प बसला असेल, हे मोजायला माझ्याकडं काही साधन नव्हतं. त्याची आई त्याला गप्प बस म्हणून खुणावायची ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, ती त्याला वळण लावते आहे.

शेवटी तोच म्हणाला, "बरं, आता परत मोजून घ्या. मिलिमीटरमध्ये. पॉइंटच्या पुढचं पण सांगा." आणि हसला, अगदी थोडा.

पुढच्या रविवारी लेथवाल्याचा व्हर्नियर मागून आणला. मागचं चाक काढलं आणि फोन मडगार्डला टेकवून ठेवला, त्याला चित्र दिसेल असा. तो पुण्याहून सांगत होता आणि मी मोजत होतो. उजेड आडवा येतो म्हणाला, फोन फिरवला. भोकांमधलं अंतर ९८.०. हबचा मधला उंचवटा, ज्यावर रिमचं मधलं भोक बसतं, तो ५८.१. जुन्या रिमच्या आत ठोकलेले आकडे त्यानं पुसून दाखवायला लावले. रुंदी साडेपाच इंच, ऑफसेट ४४. एका ठिकाणी त्यानं व्हर्नियरची बारीक पट्टी कशी वाचायची ते मला समजावलं. मला ती त्याच्या जन्माच्या आधीपासून वाचता येते. मी ऐकून घेतलं.

दोन आठवड्यांनी त्याला अठ्ठ्याण्णवच्या रिम सापडल्या. वापरलेल्या, पण सरळ. त्यानं मागच्या बाजूचा फोटो पाठवला. रुंदी सहा इंच, ऑफसेट ३५. भोकं जुळत होती, मधलं भोक जुळत होतं. घेऊ का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, एक दिवस दे.

ऑफसेट म्हणजे काय ते मला तेव्हा शिकावं लागलं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा कल्पायची. रिम हबला जिथं टेकते ती जागा त्या रेषेपासून बाहेरच्या अंगाला किती मिलिमीटर आहे, तो ऑफसेट. आकडा मोठा असला की चाक आत जातं, लहान झाला की बाहेर येतं. ४४ चे ३५ झाले म्हणजे चाक नऊ मिलिमीटर बाहेर आलं. शिवाय रिम अर्धा इंच जास्त रुंद, त्यातला अर्धा भाग बाहेरच्या अंगाला, म्हणजे ६.३५. एकूण १५.३५. मग ओळंबा घेतला. मागच्या मडगार्डच्या कडेवरून सोडला आणि दोरीपासून टायरपर्यंत मोजलं. बारा मिलिमीटर. म्हणजे नवं चाक मडगार्डच्या बाहेर तीन मिलिमीटर आणि वर थोडं डोकावणार. गाडी रिकामी असली तर हरकत नाही, मडगार्ड चाकाच्या बराच वर असतो. पण मागं माणसं बसून गाडी दबली, की खड्ड्यात कड टायरला घासणार.

तरी नांदेड रोडवरच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गाडीत किती मानसं असतेत साहेब?"

"मीच."

"रोज?"

"रोज."

"मग काय अडचण न्हाई. घाला बिनधास्त."

त्याचं बरोबर होतं. गेल्या दीड वर्षात गाडीच्या मागच्या सीटवर कोणी बसलेलं नाही. तिथं मोजणीचा टेप असतो, छत्री असते, कधी भाजीची पिशवी. त्या सगळ्याचं वजन सहा-सात किलो भरेल. तेवढ्यानं गाडी दबत नाही.

रविवारी मुलाला सगळे आकडे सांगितले. या वेळी मी जमणार नाही असं म्हणालो नाही. म्हणालो, मला पंधरा पॉइंट पस्तीस येतं, तू एकदा करून बघ. कागदावर पेनचा आवाज येत राहिला. त्यानं आधी अख्खा अर्धा इंच धरला होता, मग त्याचं त्यालाच लक्षात आलं. मी मधे बोललो नाही. त्यासाठी मला ओठ दातांखाली धरावा लागला.

"पंधरा पस्तीसच," तो म्हणाला. "मागं माणसं बसली तरच घासतंय पण. तुमी एकटेच असता ना बाबा. चालून जाईल."

हेच दुकानदारानं सांगितलं होतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकायला मी तयार नव्हतो. अंगणात गाडी उभी होती, खिडकीतून तिची मागची काच दिसत होती.

"चार माणसं धरून हिशोब कर," मी म्हणालो.

"चार कोण?"

मी म्हणालो, "गाडीला सीट पाच हायेत. मी चारच धरून राहिलो."

तो हसला नाही. पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं. चव्वेचाळीसचं बघतो. लवकर मिळणार न्हाई. आणि दिवाळीला सुट्टी भेटते का ते पण बघतो."

सुट्टी मिळेलच असं नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या कंपनीचं काम दिवाळीत बंद नसतं. "येच" असंही मी त्याला म्हणालो नाही.

अजून चव्वेचाळीसच्या रिम मिळालेल्या नाहीत. मधे त्यानं एका रिमचा फोटो पाठवला होता, भोकं चार, अंतर शंभर. ते त्याच्या लक्षात यायला हवं होतं. मी पुन्हा बघ एवढंच लिहिलं, आणि पाच मिनिटांत त्याचंच उत्तर आलं, हे आपलं नाही. परवा अजून एक आली, अठ्ठ्याण्णवची, रुंदी सहा इंच, ऑफसेट ३८. बारा पॉइंट पस्तीस होतं. तेही त्यानंच मोजून सांगितलं, नाही चालणार म्हणाला.

आज हवा भरायला नांदेड रोडवर गेलो होतो. दुकानदारानं गंजक्या चाकाला नळी लावली आणि विचारलं की नवी चाकं आली नाहीत का अजून.

"पोरगं शोधून राहिलंय," मी म्हणालो.

"एवढे दिवस? मी नांदेडहून आणून देतो की, आठ दिवसांत."

मी म्हणालो, नको, त्याला शोधू दे.